उघडल्याबिगार कळत न्हाई

आमच्या घरात संगणक बिघडला की पहिली शिट्टी कुकरची होते.

याला कारण दाजी. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. मंगळवार पेठेत आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहतात आणि गेली पंचवीस वर्षं आमच्या घरातल्या यच्चयावत संगणकांचे कुलवैद्य आहेत. पडद्यावर चित्र दिसेना किंवा स्पीकरमधून आवाज येईना, की मी त्यांना फोन लावतो, आणि मी फोन ठेवायच्या आत बायको मटणाची पिशवी शोधायला लागते. दाजींना पैसे देता येत नाहीत. ते जावई. जावयाच्या हातावर दुरुस्तीचे पैसे ठेवणं म्हणजे वर्षभराचं भांडण विकत घेणं. म्हणून तांबडा, पांढरा, सुकं, आणि निघताना अक्कासाठी डबा. राजारामपुरीतला दुकानवाला पोरगा दोन-तीनशे रुपयांत काम उरकून जातो. दाजी तेच काम फुकट करतात, आणि ते आम्हाला हजाराला पडतं.

फोनवरचा संवाद पंचवीस वर्षांत बदललेला नाही.

"काय हुतंय?"

"आवाज येत नाही, दाजी."

"कवापासनं?"

"सकाळपासनं."

"कुणी हात लावला?"

"कुणी नाही."

"कुणीतरी लावलाय. हात लावल्याबिगार आवाज जात न्हाई. आता मी येईपतूर कशाला हात लावू नका. बंद करू नका, चालू करू नका."

यातलं शेवटचं वाक्य मोलाचं आहे. बंद करून चालू केलं की निम्मे बिघाड आपोआप जातात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दाजींना तर पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते आधी मनाई हुकूम काढतात. त्यांच्या लेखी बंद-चालू करून बरं झालेलं यंत्र बरं झालेलंच नसतं. ते नुसतं गप्प बसलेलं असतं. रोग आतच असतो. आणि आतलं कसं कळणार?

"उघडल्याबिगार कळत न्हाई, पावणं."

दाजींची उद्यमनगरात लेथवर चाळीस वर्षं गेली. माप डोळ्यांत, आटे बोटांत. अजून ते संगणकाचा पडदा इंचात मोजत नाहीत. "मागल्यापरीस चार सूत बारीक दिसतोय" म्हणतात. पांढरा शर्ट, बाह्यांना दोन घड्या, खिशात टेस्टर आणि सहा इंची स्टीलची पट्टी. हातात तांदळाच्या पोत्याची शिवलेली पिशवी. पिशवीत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले स्क्रू ड्रायव्हर, अर्ध्या इंचाचा रंगाचा ब्रश, शाळकरी खोडरबर, बॉलपेनची रिकामी रिफिल आणि एक बॅटरी. प्रत्येक वस्तूला काम नेमून दिलेलं आहे. पडदा काळाठिक्कर पडला, तर दाजी त्यावर तिरकी बॅटरी मारतात. आत भुतासारखं पुसट चित्र दिसलं, की म्हणतात, "चित्र जित्तं हाय, मागचा दिवा गेलाय." काहीच दिसलं नाही, तर वायर, मग मॉनिटरच्या बटणातून निवडलेली वाट, मग डबा, असा मोर्चा वळतो. दुरुस्तीनंतर स्क्रू उरतात हा विनोद इतरांच्या दाजींवर करावा. आमच्या दाजींचे स्क्रू कमी पडतात. डब्याला मुळात आठ असले तर हे बारा बसवतात. "हलतंय म्हणून घुमतंय," एवढंच स्पष्टीकरण.

संगणकाच्या पाठीमागची तीन भोकं मला त्यांनीच शिकवली. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माईकचं, निळं बाहेरचा आवाज आत घ्यायचं. "हिरव्यात हिरवी. गुलाबीत घातलीसा तर स्पीकरला काय ऐकू यायचं न्हाई आनि माईकला वाटंल आपलं लगीन ठरलंय." आवाज गेल्याच्या दहा तक्रारींत चार तरी वेळा ती हिरवी पिन निसटलेली किंवा चुकलेल्या घरात शिरलेली असते. उरलेल्यांत कुणीतरी कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारून आवाज बंद केलेला असतो, किंवा स्पीकरचंच बटण बंद असतं. दाजींना हे एका नजरेत दिसतं. पण बघून न बघितल्यासारखं करण्याची एक कला असते, आणि लग्नघरातल्या वडीलधाऱ्यांइतकीच ती दाजींनाही साधलेली आहे. आधी डबा उघडायचा. ब्रशनं धूळ काढायची. एकेक पट्टी काढून खोडरबरानं घासायची. मग जेवायचं. मग पिन बसवायची.

त्यांना कुणी हसलं की ते इतिहास काढतात. "ह्या गावाला आयतं चालत न्हाई. बाबूराव पेंटरांनी काय केलं?" बाबूराव पेंटरांनी काय केलं हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभच उभा आहे. त्या माणसानं सिनेमा काढायचा म्हणून आधी कॅमेराच स्वतः बनवला. दामल्यांना हाताशी घेऊन भाग घडवले, जुळवले, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. पुढं त्यांच्याच तालमीतली माणसं बाहेर पडली, १९२९ साली इथंच 'प्रभात' निघाली, आणि १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' याच गावात तयार झाला. एवढं सांगून दाजी चष्म्यावरून बघतात. "ह्या गावानं चित्र हलवलं. मग त्येला वाचा दिली. आनि तुमी मला कोल्हापुरात बसून सांगताय, चित्र दिसंना, आवाज येईना?" यावर माणूस निमूट मटण आणायला जातो.

दाजींची सगळ्यात जुनी केस २००१ सालची. आमचा पहिला संगणक. मॉनिटर आईच्या माहेरच्या ट्रंकेएवढा, आणि त्याच्या दोन अंगांना जय-विजयासारखे दोन स्पीकर. आठवड्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला. रोज पुसला, तो जाईना. दाजी आले, बसले, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी पिशवी उघडलीच नाही. "पिक्चर ट्यूब उघडायची न्हाई. बंद केल्यावर बी आत करंट दबा धरून बसतोय." दाजी आयुष्यात दोन गोष्टी उघडत नाहीत: एक पिक्चर ट्यूब, आणि दुसरी संगणकाच्या डब्यातली वीजपुरवठ्याची पेटी. बाकी काहीही.

ते विचार करत बसलेले बघून आई मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन आली. नव्या वस्तूला दृष्ट लागणारच. ताट फिरवायला जागा हवी म्हणून तिनं उजवा स्पीकर उचलून कॉटवर ठेवला आणि डाग विरला. चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसकाही आला नाही. म्हणजे दृष्ट होतीच. दाजी ताडकन उठले. स्पीकर परत जागेवर ठेवला. डाग आला. आईनं कपाळावर हात मारला, "पुन्हा लागली गं बाई!" आणि ती आणखी मिरच्या आणायला गेली. दाजींनी स्पीकर उचलला, डाग गेला. असं तीनदा झालं. घरातल्या मिरच्या संपल्या तेव्हा दाजींना शास्त्र सापडलं होतं: स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतो, ट्यूबमध्ये पडद्यावर येणारे किरण त्यानं वाट चुकतात, आणि तांबड्याच्या घरात निळा जाऊन बसतो. मॉनिटर बंद करून पुन्हा चालू केला, "धुंग" असा आवाज झाला, आणि आत शिरलेला चुंबकपणाही निघून गेला. आई शेवटपर्यंत श्रेय मिरच्यांनाच देत राहिली. दाजींनी सासूचा शब्द कधी खोडला नाही. पण त्यानंतर वर्षभर कुणाच्याही घरी गेले की आधी स्पीकर वीतभर लांब सरकवायचे आणि मग चहा घ्यायचे.

पुढं एकदा पडदा पिवळा पडला. सगळंच पिवळं: अक्षरं, फोटो, गणपती. शेजारच्या काकू म्हणाल्या, कावीळ. दाजींनी मागची निळ्या तोंडाची वायर काढली आणि भिंगातून बघितली. तीन ओळी, ओळीत पाच, अशा पंधरा पिनांचं ते तोंड. पहिली पिन तांबड्याची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. तिसरी वाकून आडवी झोपली होती. निळा पोहोचत नव्हता. तांबडा आणि हिरवा दोघंच संसार करत होते, म्हणून पिवळं. दाजींनी रिकामी रिफिल त्या पिनेवर टोपीसारखी बसवली, श्वास रोखला आणि केसाएवढी पिन अशी अलगद उभी केली, की लेथवरची चाळीस वर्षं त्या क्षणी दिसली. मी मनापासून हात जोडले.

दाजींनी लगेच मोजणी केली आणि त्यांचा चेहरा पडला. पिना चौदाच होत्या. मधल्या ओळीतली नववी गायब. मग काय, गालिचा झटकला, केरसुणी झाली, कचऱ्याचा डबा अंगणात उलटा केला, आणि पुतण्याला "गिळली न्हाईस न्हवं?" असं तीनदा विचारलं. संध्याकाळी दाजी दुकानात जाऊन नवी वायर बघून आले. तिलाही नववी पिन नव्हती. बऱ्याच वायरींना ती मुळातच नसते. परत येऊन दाजी एवढंच म्हणाले, "कंपनी काटकसर करतीया."

पावसाळा हा दाजींचा हंगाम. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे भिंतीला ओल, पापडाला बुरशी आणि संगणकाला मौन. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. आतून फक्त पीप-पीप. दाजी कान देऊन ऐकतात. पडदा गेलेला संगणक दुसऱ्या तोंडानं बोलतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. चित्र दाखवता येत नसेल तर तो शिट्ट्यांनी दुखणं सांगतो. बोर्ड-बोर्डागणिक भाषा वेगळी, पण आमच्या जुन्या बोर्डाची दाजींना पाठ होती: एक लांब, दोन आखूड म्हणजे चित्राचं कार्ड, नुसत्याच लांब लांब म्हणजे मेमरीची पट्टी. पट्टीच्या सोनेरी दातांवर ओलीनं थर चढतो. वीज बंद करायची, पट्टी काढायची, खोडरबरानं दात घासायचे, भुकटी ब्रशनं झाडायची, पट्टी दोन्ही बाजूंनी खटकन बसेपर्यंत दाबायची. एवढ्यात काम होतं. अडचण एकच. दाजी शिट्ट्या मोजत असतात तेव्हाच स्वयंपाकघरात बायकोही मोजत असते. एकदा दाजींनी "लांब तीन!" म्हणून कार्ड उपटलं, आणि त्याच तीनवर भरवसा ठेवून बायकोनं गॅस बंद केला. त्या दिवशी चित्र आलं नाही आणि मटणही कच्चं राहिलं.

जाड मॉनिटर जाऊन चपटा, रुंद पडदा आला तेव्हा तर घरातलं एक लग्न मोडायची वेळ आली होती. पुतणीला इचलकरंजीचं स्थळ आलं. मुलाचा फोटो संगणकावर उघडला. सगळे गप्प. शेवटी वहिनी म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे, पण अंगानं जरा..." पुतणी उठून आत गेली. नकाराचा फोन लावायचा तेवढा बाकी होता. योगायोगानं दाजी डबा परत द्यायला आले होते. त्यांनी फोटोकडं बघितलं, खिशातली पट्टी काढली आणि पडद्यावरच्या घड्याळाच्या तबकडीला लावली. आडवी मोजली, उभी मोजली. "पोरगं जाड न्हाई. पडदा ताणलाया." पडदा १९२० बाय १०८० चा, पण संगणक जुन्या सवयीनं १०२४ बाय ७६८ चं चित्र देत होता. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं सुटतो. पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलला आणि मुलगा डोळ्यांदेखत सडपातळ झाला. लग्न झालं. त्याला आता दहा वर्षं होतील. जावई अलीकडं १०२४ च्या मापात आलेत, पण आता सेटिंग बदलून काही व्हायचं नाही.

दाजींची चेष्टा करताना २०१९ चा ऑगस्ट मात्र आठवतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. शाहूपुरीतल्या ओळखीपाळखीच्यांचे तळमजले गेले. पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम काय केलं, तर चिखलातून संगणक काढला आणि चालतोय का म्हणून बटणाला हात घातला. दाजी घरोघरी जाऊन ओरडत होते, "चालू करू नका! भिजल्यानं मरत न्हाई, चालू केल्यानं मरतंय!" आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या गावानं दाजींना उघडायला मोकळीक दिली होती. त्यांनी बोर्ड काढले, गाळ स्वच्छ पाण्यानं धुतला, पंख्याखाली आठ-आठ दिवस वाळवले. अक्का म्हणायची, "जेवा म्हणून हाका मारून मी दमलो, ह्यांना भान न्हाई." त्यातले किती जगले ते दाजींनी मोजलं नाही. एका घरातल्या डिस्कवरून मेलेल्या मुलाचे फोटो निघाले, तिथं मात्र ते चहासुद्धा न घेता आले.

आता १८ डिसेंबर २०२२ बद्दल. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, पेठेपेठेतलं वैर आहे. त्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्सची अंतिम लढत होती, आणि आमची गल्ली अर्जेंटिनाची. मेस्सीचा कटआउट दुमजली. चौकात पडदा, त्यावर प्रोजेक्टर, प्रोजेक्टरला एका पोराचा लॅपटॉप, आणि गणपतीतले दोन मोठे स्पीकर. साडेआठला सामना सुरू झाला. चित्र झकास. आवाज नाही.

"दाजींना बोलवा!"

दाजी आले. दहावीतल्या एका पोरानं तेव्हाच सांगितलं होतं, "काका, आवाज प्रोजेक्टरकडं जातोय. एचडीएमआयची वायर लावली की तो आपोआप तिकडं वळतो. कर्ण्यावर क्लिक करून नुसतं स्पीकर निवडा."

"गप बस. उघडल्याबिगार कळत न्हाई."

दाजींनी अॅम्प्लिफायर उघडला. तेवीसाव्या मिनिटाला मेस्सीनं पेनल्टी मारली तेव्हा दाजींच्या तोंडात स्क्रू होते. गंमत अशी, की आमचं चित्र इंटरनेटवरचं, म्हणून जरा मागं. शेजारच्या गल्लीत केबलचा टीव्ही. आमच्या पडद्यावर मेस्सी अजून चेंडू ठेवतोय तोवर पलीकडून आरोळी आली, "गोऽऽल!" म्हणजे चित्र आमचं, आवाज शेजारच्यांचा, आणि तोही आधी. छत्तीसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला. दाजी पिन डाखत होते. मध्यंतर झालं. दाजी स्पीकरच्या मागं आडवे पडून वायरी चाचपत होते. एकोणऐंशीव्या मिनिटाला दहावीतल्या पोरानं कुणाचं लक्ष नाही बघून कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवलं, यादीतून स्पीकर निवडला, आणि सगळी पेठ हादरेल असा आवाज आला. गल्लीनं दाजींचा जयजयकार केला. दाजी अंग झटकत उठले, चष्मा नीट केला.

आणि एंबाप्पेनं गोल मारला. लोक सावरतात तोवर दुसराही मारला. दोन-दोन.

गल्ली हळूहळू वळली आणि दाजींकडं बघायला लागली.

"दाजी," मंडळाचा अध्यक्ष शांतपणे म्हणाला, "आवाज काढा."

दाजींनी वाद घातला नाही. वाकले, स्वतःच डाखलेली पिन ओढून काढली आणि मुठीत धरून उभे राहिले. उरलेला सामना आम्ही मुक्यानं बघितला: तीन-दोन, तीन-तीन, मग पेनल्ट्या, आणि शेवटी चार-दोननं जग जिंकलं. पोरांनी दाजींना खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला. आवाज दुरुस्त केला म्हणून नव्हे, वेळेवर घालवला म्हणून सत्कार झालेला दाजी हा जगातला पहिला मेकॅनिक असावा.

रात्री घरी सोडायला गेलो तेव्हा ती पिन अजून त्यांच्या मुठीत होती. दारात थांबून म्हणाले, "त्ये पोरगं बरोबर हुतं."

"असू दे हो, दाजी."

"त्येनं उघडलंच न्हाई की वो."

यानंतरची केस यंदाची. मुलानं पुण्याहून मला नवा लॅपटॉप पाठवला. वहीएवढा पातळ. चौथ्या दिवशी आवाज गेला. दाजी आले. हल्ली जिना चढताना मधे थांबतात. त्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि पोटावरून बोटं फिरवली, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तशी. कुठं भोक नाही, फट नाही. रबराच्या पायांखाली चार स्क्रू सापडले, पण त्यांच्या डोक्यावर पाच पाकळ्यांचं फूल. पिशवीतला एकही ड्रायव्हर त्यात बसेना. दहा वर्षांपूर्वी दाजींनी दुसऱ्या दिवशी ग्राइंडरवर तसा ड्रायव्हर घासून आणला असता. आता त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्येला आपला डायव्हर चालत न्हाई."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्यानं मला एक आकडा विचारला, मी सांगितला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. दाजी दचकून मागं सरकले.

"कोन हलवतंय?"

"चिरंजीव. पुण्यातनं."

बाण इकडं गेला, तिकडं गेला, कर्ण्याच्या चित्रावर बसला. यादी उघडली. घरात कुठंतरी ब्लूटूथचा एक छोटा स्पीकर पडून होता. आवाज त्याच्याकडं जात होता आणि तो कपाटातल्या गोधड्यांना गाणी ऐकवत होता. बाणानं तो काढला, लॅपटॉप बोलायला लागला. सगळं मिळून दीड मिनिट.

दाजी बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"झालं?"

"झालं."

"घरात न येता?"

"हो."

"मग त्यो जेवला कुटं?"

मी काय सांगणार? मुलगा फोनवर होता, तोही गप्प झाला. दाजी त्या दिवशी जेवले, पण वाटी पुन्हा पुढं केली नाही. अक्काचा डबा विसरून गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी मी माळ्यावर चढलो. पोत्यात बांधलेला जुना डबा उतरवला, पुसला, चपटा मॉनिटर जोडला, स्पीकर जोडले. बटण दाबल्यावर तो असा काही खडखडून सुरू झाला आणि खणखणीत बोलला, की माझाच धीर सुटला. मग मी मागं हात घातला, हिरवी पिन ओढून बाहेर काढली, आणि फोन लावला. फोन ठेवला तेव्हा बायको पायात चपला घालत होती. तिनं काही विचारलं नाही.

दाजी आले. डबा बघून डोळे बारीक केले, बारा स्क्रू ओळखले. मग खाली वाकून पाठीमागं बघितलं. तिथं हिरवी पिन भोकापासून वीतभर लांब लोंबत होती. आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी ती बघितली. त्यांनी बघितलेलं मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"कवापासनं?" दाजींनी विचारलं.

"सकाळपासनं."

"कुणी हात लावला?"

"कुणी नाही."

दाजी खाली बसले. पिनेकडं पाठ केली, पिशवीची गाठ सोडली, बनियनची गुंडाळी उलगडली.

"उघडल्याबिगार कळत न्हाई, पावणं."

आत कुकरची दुसरी शिट्टी झाली. दाजींनी मोजली.